तुम्ही विचारलंत म्हणून: अहवालात मी माझ्याविषयी का लिहिते

ऊसतोड मजूर स्त्रियांविषयीचा माझा अहवाल वाचलेले लोक एक प्रश्न हमखास विचारतात. अभ्यास मजुरांचा आहे, तर मग त्यात तुमचे वडील, तुमचे आडनाव, तुम्ही तळावर कोणत्या वाहनाने गेलात, हे सगळे कशासाठी? विचारणाऱ्यांत विद्यार्थी असतात, कार्यकर्ते असतात, आकडेवारीत काम करणारे सहकारीही असतात, आणि त्यांची शंका प्रामाणिक असते, कारण संशोधकाने स्वतःला बाजूला ठेवावे असेच आपल्याला शाळेपासून शिकवलेले आहे. मला जमेल तितके नेमके उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

पहिल्या हंगामात मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्याच्या परिसरात काम केले. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून आलेल्या टोळ्या उघड्या रानात कोप्या घालून राहिल्या होत्या. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन कोयते बांधून घेतो आणि ती उचल फिटेपर्यंत जोडीला ऊस तोडावा लागतो. या उचलीविषयी मी पहिल्या आठवड्यात बऱ्याच बायकांना विचारले. सगळ्यांनी एकच आकडा सांगितला, अगदी सारख्याच शब्दांत सांगितला, आणि मी वहीत लिहिले, ‘उचलीच्या रकमेबाबत एकवाक्यता आहे, स्त्रिया मोकळेपणाने बोलल्या.’

पुण्याला परतल्यावर मी ध्वनिमुद्रण ऐकायला बसले. एका बाईच्या मुलाखतीत सतराव्या-अठराव्या मिनिटाला दुचाकीचा आवाज येतो, जवळ येतो आणि बंद पडतो. त्याआधी ती ‘माझं’, ‘आमचं’ असे म्हणत होती. त्यानंतर ‘समद्यांचंच तसं असतंय’ असे म्हणू लागली आणि शेवटपर्यंत ‘माझं’ हा शब्द तिच्या तोंडून पुन्हा आला नाही. तळावर मी तिच्यासमोर बसले होते, पण मला यातले काहीही जाणवले नव्हते, कारण माझे सारे लक्ष पुढच्या प्रश्नाकडे होते. ती दुचाकी मुकादमाची होती, आणि त्याला माझी खबर मिळण्याचे कारण मीच होते. सोय म्हणून मी कारखान्याच्या शेतकी खात्याच्या जीपमधून तळावर उतरले होते. ज्या खात्याचा माणूस कोणत्या फडात कोणती टोळी जाणार हे ठरवतो, त्या खात्याच्या गाडीतून उतरलेल्या बाईला कोणी उचलीचा खरा आकडा का सांगावा? नंतर मी एसटीने जाऊन फाट्यापासून चालत तळावर जाऊ लागले, तेव्हा आकडे वेगवेगळे झाले, आणि त्यातच आजारपणासाठी किंवा लग्नासाठी मधेच घेतलेल्या आणि कागदावर कुठेही नसलेल्या रकमा दिसू लागल्या.

जीपचा उल्लेख अहवालात आहे तो एवढ्यासाठी. तो वगळला असता, तर पहिल्या आठवड्यातील एकवाक्यता हा मजुरांविषयीचा निष्कर्ष ठरला असता. वास्तविक तो माझ्या गाडीविषयीचा निष्कर्ष होता.

चहाची गोष्ट याहून अवघड आहे. एका मातंग कुटुंबाच्या कोपीत मी गेले, नाव सांगितले, आणि घरातल्या बाईने मुलीच्या कानात काही सांगून तिला बाहेर पाठवले. मुलगी पलीकडच्या कोपीतून काचेचा पेला घेऊन आली. चहा झाला, गप्पा झाल्या, आणि मी वहीत ‘आदरातिथ्य’ असे लिहून मोकळी झाले. तिसऱ्या भेटीत मी त्यांच्याच स्टीलच्या पेल्यात पाणी मागून घेतले, तेव्हा ती बाई माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘तुमी आडनाव सांगितलंत ना, म्हणून तिच्याकडून आणला व्हता.’ ती ‘मॅडम’ऐवजी ‘ताई’ म्हणू लागली ती त्यानंतरच. माझे आडनाव माझ्या आधी त्या कोपीत पोहोचले होते, आणि तिने माझ्या वतीने विटाळाची काळजी घेतली होती. जातीविषयी एकही प्रश्न मी विचारला नव्हता, तरी जातीविषयीची माझी सर्वांत महत्त्वाची नोंद त्या काचेच्या पेल्याची आहे; आणि पेला आणला गेला तो माझ्यामुळे, म्हणून मला वगळून ती नोंद लिहिताच येत नाही.

हे मी नव्याने शोधलेले नाही. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आणि त्या वाटचालीवर त्यांनी लिहिले, तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मणांचे आणि मराठ्यांचे जेवण वेगळे होते ही गोष्ट त्यांनी दुरून टिपली नाही. ती आपल्याला रोज कशी खटकत होती आणि मराठा बायकांबरोबर जेवल्यावर त्या बायका आपल्याशी अधिक मोकळ्या कशा झाल्या, हे त्यांनी सांगितले. पंगत कोणती निवडली यावर कोण काय बोलेल हे अवलंबून होते, आणि ते त्या जाणून होत्या. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी 1948 मध्ये म्हैसूरजवळच्या एका खेड्यात मुक्काम केला तो गावच्या मुखियाने दिलेल्या जागेत. 1970 मध्ये स्टॅनफर्ड येथील आगीत त्यांच्या टिपणांच्या प्रक्रिया केलेल्या प्रती जळाल्या आणि त्या गावावरचे पुस्तक त्यांनी बहुतांशी आठवणींवर लिहिले, ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते. मला मात्र त्याच पुस्तकातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते: दलित आणि मुसलमान कुटुंबांशी आपली तेवढी जवळीक झाली नाही आणि त्यांच्या वस्तीतून पाहिले असते तर गाव वेगळे दिसले असते, हे त्यांनी स्वतःच मान्य केले. राहायची जागा कोणी दिली, यावरून कोणाचे गाव आपल्याला दिसणार हे ठरत असते.

इंग्रजीत याला पोझिशनॅलिटी, म्हणजे संशोधकाचे सामाजिक स्थान, म्हणतात आणि आता प्रबंधांत त्यासाठी एक ठरलेला परिच्छेद असतो: मी अमुक जातीची, अमुक वर्गाची, शहरी, सुशिक्षित. तो परिच्छेद लिहून झाला की पुढची दोनशे पाने संशोधक कुठेही दिसत नाही. मला ही रीत मान्य नाही. प्रस्तावनेत जात सांगणे सोपे असते. पेला कोणाच्या कोपीतून आला हे त्या पानावर लिहिणे अवघड असते, कारण तिथे आपल्या निष्कर्षाला धक्का बसतो. आपले स्थान जिथे काम करून गेले, तिथेच त्याची नोंद व्हायला हवी. याची दुसरी बाजूही मला दिसते. स्वतःविषयी लिहिण्याचा मोह वाढत जातो आणि ज्यांच्याकडे आपण गेलो ती माणसे मागे पडतात. म्हणून मी एकच कसोटी लावते: माझ्याविषयीचे हे वाक्य काढले तर त्या बाईच्या बोलण्याचा अर्थ बदलतो का? बदलत नसेल तर ते वाक्य मी खोडते.

‘मग ज्यांचे जगणे त्यांनीच लिहावे, तुम्ही कशाला?’ असेही विचारले जाते, आणि हा प्रश्न मला टाळायचा नाही. राजकीय विचारवंत गोपाळ गुरू यांनी 1995 मध्ये दलित स्त्रियांनी वेगळे बोलण्याची गरज मांडली, त्यावर 1998 मध्ये स्त्रीवादी समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी लिहिले की दलित स्त्रीवादी भूमिका जन्मामुळे इतरांसाठी बंद होत नाही, पण बाहेरच्या स्त्रीने ती घ्यायची तर तिला स्वतःला नव्याने घडवावे लागते. हे घडवणे एकदा करून संपत नाही, असा माझा अनुभव आहे. 2019 मध्ये बीडमधल्या ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याच्या बातम्या आल्या, राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि त्यानंतरच्या हंगामात मी तळावर गेले तेव्हा ओळखीच्या बाईनेच विचारले, ‘तुमी बी पिशवीचंच इचारायला आलाव का?’ पिशवी म्हणजे गर्भाशय. तिच्याकडे बरेच लोक येऊन गेले होते. तिचे उत्तर आता तयार होते, वाक्ये घासून गुळगुळीत झाली होती. मी त्या दिवशी पिशवीविषयी काहीच विचारले नाही. ती मोळ्या बांधत होती, मी पाचट बाजूला करत बसले, आणि खाडा पडला की पैसे कसे कापतात, पाळीच्या दिवसांत फडात आडोसा कुठे शोधायचा, अंघोळीचे पाणी कुठून आणायचे, हे ती आपणहून सांगत गेली. बातम्यांत पिशवी होती. तिच्या बोलण्यात पिशवीच्या आधीची सगळी वर्षे होती.

राहिली माझ्या वडिलांची गोष्ट. माझे वडील दुसऱ्या एका कारखान्यात चिटबॉय, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा कर्मचारी, म्हणून लागले आणि शेतकी विभागातच निवृत्त झाले. आमचे घर, माझे शिक्षण, सगळे त्या पगारावर झाले. वडील काय करतात असे तळावर कोणी विचारले की पहिले दोन हंगाम मी ‘शेती’ असे सांगत होते. आम्हाला थोडी शेती आहे, त्यामुळे ते खोटे नव्हते. पण त्यांच्याकडून सगळे खरे मागताना मी माझ्याकडचे अर्धेच देत होते, आणि याची मला आजही लाज वाटते. तिसऱ्या हंगामात, पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, आधीच्या आठवड्यात, मी ते त्या पेल्यावाल्या बाईला सांगितले. ती रागावेल असे मला वाटले होते. तिने हातातले उसाचे वाढे खाली ठेवले आणि विचारले, ‘मग काट्याचं तुमाला घरचंच ठावं असंल. गाडी भरते तेवढंच वजन तिथं निघतंय का, खरं सांगा.’

वजनकाट्याविषयी आमच्या घरात काय बोलले जायचे ते मी आठवून आठवून तिला सांगितले. ती मधेमधे थांबवून पुन्हा विचारत होती, तारखा विचारत होती, कोण बोलले ते विचारत होती. तो संवाद अहवालाच्या सहाव्या प्रकरणात जसाच्या तसा छापला आहे, आणि त्यात प्रश्न तिचे आहेत.