क्रॅप्स, नोंद ७: डोंट पासचा गुंता अखेर सुटला

क्रॅप्स हा दोन फाशांचा जुगार: पास लाइनची पैज फासे टाकणाऱ्याच्या बाजूने, डोंट पासची त्याच्या विरुद्ध. मागच्या नोंदीतला डोंट पासचा तक्ता कुणी उतरवून घेतला असेल तर आधी खोडा. त्यात शंभर चिंचोक्यांमागे १.४१ चिंचोके खेळणाऱ्यालाच सुटत होते. असं असतं तर एकाही कॅसिनोने हा पट मांडला नसता!

संशय आधी पॉइंटच्या रांगांवर गेला, कारण अपूर्णांक सगळे तिथेच. (पहिल्या दानाला ४, ५, ६, ८, ९ किंवा १० पडला की तो पॉइंट; मग ७ आधी पडला तर डोंट पास जिंकतो, पॉइंट पुन्हा आधी पडला तर हरतो.) म्हणून दशांश काढून टाकले आणि हिशेब पूर्ण १९८० डावांवर मांडला. १९८० म्हणजे ३६ गुणिले ५५. ३, ५, ११ या सगळ्यांनी भाग जातो, काही उरत नाही. कम-आउटला, म्हणजे डावाच्या पहिल्या दानाला, ७ किंवा ११ पडलं की डोंट पास गेला: ४४० डाव. २ किंवा ३ ला जिंकला: १६५. पॉइंट ४ किंवा १० असलेले ३३० डाव, त्यात २२० जिंकले, ११० हरले. ५/९ चे ४४०: २६४ आणि १७६. ६/८ चे ५५०: ३०० आणि २५०. इथवर चूक नव्हतीच.

खूण त्या १.४१ मध्येच होती. पास लाइनवर घराचा, म्हणजे कॅसिनोचा, वाटा ७/४९५, म्हणजे तोच १.४१ टक्के. शीटमध्ये पासच्या रकान्याला उणे चिन्ह लावून डोंट पास काढला होता, आणि पास १२ ला हरतो, त्यामुळे कम-आउटचे १२ चे ५५ डाव जिंकलेल्यांत जाऊन बसले. पटावर १२ 'बार' असतो: चिंचोका जागेवरच, ना हार ना जीत. ते ५५ बाजूला काढले की ९४९ जिंकले, ९७६ हरले. फरक २७, म्हणजे घराचा वाटा १.३६ टक्के. आकडा जुळला तेव्हा फार बरं वाटलं.

दानं टाकून ही चूक सापडली नसती. हजार डावांत निकाल सहज ३ टक्के इकडेतिकडे होतो. १.४१ चा फरक जेमतेम दिसायला वीस हजार डाव लागतात, आणि एका डावाला सरासरी ३.३८ दानं. फाशांबद्दल एवढंच: नाशिकच्या रविवार कारंजाकडे मिळणारे गोल कोपऱ्यांचे, ठिपके कोरलेले प्लास्टिकचे फासे सरावाला चालतील, मोजणीला नकोत. तिथे धारदार कोपऱ्यांचे, ठिपके बुजवून सपाट केलेले १९ मिलिमीटरचेच घ्या.

पुढे प्लेस ६/८, म्हणजे ७ च्या आधी ६ (किंवा ८) पडेल ही पैज, घ्यायचं ठरलं होतं. तिथे ७:६ मिळतात, म्हणून ६ च्या पटीतच लावा. ५ लावले तर पूर्ण चिंचोक्यांत ५ च परत येतात आणि घराचा वाटा १.५२ वरून थेट ९.०९ वर जातो, म्हणजे बिग सिक्सइतकाच (६ वरची बरोबरीच्या दराची पैज) वाईट.

पण हे लिहिताना ऑड्सची, म्हणजे पॉइंट ठरल्यावर मूळ पैजेमागे लावायच्या जादा पैजेची, वाटणी सुचली, आता आधी तीच. पासवर १ चिंचोका असेल तर ऑड्स ४/१० ला ३, ५/९ ला ४, ६/८ ला ५ लावा. दर अनुक्रमे २:१, ३:२, ६:५, म्हणजे कुठलाही पॉइंट आला तरी ऑड्सचे ६ आणि पासचा १, असे ७ मोजून द्यायचे. वाटणाऱ्याची चूक होतच नाही. शिवाय ऑड्सवर घराचा वाटा शून्य. डोंट पासवाल्याने उलट करायचं: दर वेळी ६ लावायचे, जिंकला तर पॉइंटप्रमाणे ३, ४ किंवा ५ घ्यायचे.