तुम्ही विचारलंत म्हणून: मेंटॉरच्या यादीत माझे नाव का नाही

‘मॅडम, नवे प्राध्यापक तुमच्याच टेबलाशी येऊन बसतात, मग महाविद्यालयाच्या मेंटॉर-यादीत तुमचे नाव का नसते?’ हा प्रश्न बेळगावात मला स्टाफरूमपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत विचारला जातो, आणि विचारणाऱ्याने उत्तरही बहुधा ठरवलेले असते: बाईंना कागदपत्रे नकोत, मोठेपणा मात्र हवा. ज्याच्या सहीवर नव्या माणसाची बढती अडते त्याने त्याचा मार्गदर्शक होऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आमच्या यादीत ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे असतात.

मी रसायनशास्त्र शिकवायला लागले तेव्हा माझे शालेय शिक्षण खानापुरात मराठीतून आणि पुढचे कोल्हापुरात झालेले होते, तर समोर बैलहोंगल-सौंदत्तीकडची मुले होती. बफर द्रावणात थोडे आम्ल घातले तरी पीएच फारसा का बदलत नाही, हे फळ्यावर मांडत असताना मागून ‘तिळिलिल्ल्री, मॅडम’ असा आवाज येई. कळले नाही, एवढे मला कळे. पण नेमके काय कळले नाही हे तो मुलगा कन्नडमधून सांगू लागला की माझा खडू थांबे. मार्गदर्शक म्हणून नेमलेल्या विभागातल्या ज्येष्ठ सरांना मी एका दुपारी हे मोकळेपणाने सांगितले. त्यांनी आपुलकीने ऐकून घेतले आणि उपायही उत्तम सुचवला: शंका समीकरणासह वहीत लिहून मागवा, समीकरण तुम्हा दोघांनाही वाचता येते. उपाय लागू पडला. मात्र सेवा कायम करण्याच्या बैठकीत तेच सर टेबलाच्या पलीकडे बसले होते, आणि माझ्या फाइलमध्ये ‘विद्यार्थ्यांशी संवाद साधण्यात भाषेची अडचण’ असा शेरा होता. उपायाचा उल्लेख नव्हता. एका सदस्यांनी लगेच कन्नडमधून प्रश्न विचारला. या जिल्ह्यात असा प्रश्न नुसता अध्यापनापुरता राहत नाही, हे सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नको. माझा आदेश लांबला. सरांनी खोटे काही लिहिले नव्हते, आणि तेच मला अधिक लागले. पुढे विभागात कोणी कोणाजवळ अडचण बोलून दाखवली नाही.

म्हणून मी नव्या प्राध्यापकाच्या वर्गात बसते ती बोलावल्यावरच, कशाकडे लक्ष द्यायचे ते शिकवणाऱ्यानेच आधी सांगायचे असते, आणि टिपणाचा कागद त्याच्याजवळच राहतो. संशोधनासाठी मी त्याला दुसऱ्या कोणाकडे पाठवते, कारण एकाच ज्येष्ठाला सगळे येते हा आपला गोड गैरसमज आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2010 च्या नियमावलीने बढतीसाठी शिक्षकाचे काम आकड्यांत मोजणारे एपीआयचे गुण आणले तेव्हापासून ज्येष्ठ-कनिष्ठांचे बोलणे ‘याचे किती गुण होतील’ इथेच संपू लागले. 2018 मध्ये नियमावली बदलली, सवय बदलली नाही. नव्या माणसाच्या गळ्यात पहिल्याच वर्षी महाविद्यालयाचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइली, परीक्षा आणि स्नेहसंमेलन पडते. त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. ते प्राचार्यांना ज्येष्ठानेच सांगायचे असते, आणि मार्गदर्शनाचा निम्मा भाग मला तर तोच वाटतो.

पूर्वी मीच प्राध्यापकांच्या सभेत ठासून म्हणत असे की नोंद नसलेले मार्गदर्शन म्हणजे नुसते चहा पिणे. त्या वेळच्या मला मी आजही पूर्ण खोडून काढू शकत नाही. एक तरुण सहकारी तयारी न करताच वर्गावर जात होते. मी त्यांना एकांतात बोलले, वर काही कळवले नाही, आणि पुन्हा तसा प्रसंग आला तरी कळवणार नाही. मुलांचे सत्र वाया गेले, हेही तितकेच खरे आहे. शिवाय ज्या विभागात कायम शिक्षक दोनच आणि बाकी अतिथी व्याख्याते, तिथे सही करणारा आणि ऐकून घेणारा वेगळा आणायचा कुठून, असे प्राचार्य विचारतात तेव्हा त्यांचे चुकत नाही.

यंदा मी बाहेरचा माणूस सुचवला आहे. कोल्हापूरच्या एक प्राध्यापिका आमच्या नव्या सहकाऱ्याशी फोनवर बोलायला आणि अधूनमधून त्याच्या वर्गात येऊन बसायला तयार आहेत. त्यांचा प्रवासखर्च कोणत्या खात्यातून द्यायचा, याबद्दल संस्थेचे पत्र यायचे आहे.