एम.ए. सायकॉलॉजीनंतर रिसर्च असिस्टंट: प्रश्नावली हातात आली की

एम.ए. झालं की क्लिनिकलच्या पुढच्या प्रवेशाआधी वर्षभर रिसर्च असिस्टंटचं काम करावं, असं नाशिकमधले बरेच विद्यार्थी ठरवतात. चांगलं आहे, फक्त एक लक्षात ठेवा: यात थेरपी करायला मिळत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला कोर्स केल्याशिवाय क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी होत नाही, आणि या नोकरीने ती होणारही नाही. दिवस जातो प्रश्नावली विचारण्यात आणि ती एक्सेलमध्ये भरण्यात. संशोधन बिघडतं तेही तिथेच.

पीएचक्यू-९ ही गेल्या दोन आठवड्यांतली नैराश्याची लक्षणं मोजणारी प्रश्नावली घ्या. ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७; १० किंवा जास्त आले तर पुढची तपासणी. (ही मोफत वापरता येते. बेकची बीडीआय-२ ही नैराश्याचीच दुसरी प्रश्नावली विकत घ्यावी लागते, तिच्या झेरॉक्स काढू नका.) निफाडकडची बाई समोर बसली की 'अजिबात नाही', 'काही दिवस', 'अर्ध्याहून जास्त दिवस', 'जवळजवळ रोज' यातलं काहीच म्हणत नाही. 'असतं थोडं थोडं' म्हणते. नवखा माणूस मनातच १ टाकून पुढे सरकतो. तसं नाही करायचं. चारही पर्याय त्याच शब्दांत पुन्हा वाचायचे. सोबत आलेली सासू उत्तर द्यायला लागली, तर तिला बाहेर चहाला पाठवायचं. आणि 'गेले दोन आठवडे' म्हटलं की लोक लग्नापासूनचं सांगतात. म्हणून आधी मुदत बांधून घ्यायची: 'दोन आठवड्यांपूर्वीच्या बाजाराच्या दिवसापासून आजपर्यंत'.

दिंडोरीचा बागायतदार म्हणतो, झोप नाही. का, तर पंपाची लाईट रात्रीची, बागेला पाणी द्यायला उठावं लागतं. म्हणून आकडा आपल्या मनाने कमी करू नका. उत्तर जसंच्या तसं नोंदवा, त्यामागचं कारण समासात लिहा. उपासाच्या दिवसांत भुकेच्या प्रश्नाचंही तेच.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथे ० सोडून काहीही आलं, अगदी 'काही दिवस' असलं तरी, त्या व्यक्तीला एकटं सोडायचं नाही आणि ती बाहेर पडायच्या आत वरिष्ठ क्लिनिशियनला बोलवायचं. स्वतः भरायला दिलेला कागद परत आला की पहिली नजर नवव्या ओळीवर. कागद गठ्ठ्यात गेला आणि संध्याकाळी उघडला, तर तोवर माणूस सुरगाण्याच्या एसटीत बसलेला असतो. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा क्रमांक सगळ्यांनाच द्या, पण तो दिला म्हणजे काम झालं असं नाही. संमतीपत्र वाचताना 'तुमचं बोलणं कुणालाच कळणार नाही' असंही म्हणू नका. जिवाला धोका दिसला तर डॉक्टरांना सांगावं लागतं, हे त्या पत्रातच हवं.

फॉलो-अपला माणसं गळतात ती द्राक्षतोडणीत, साधारण जानेवारी ते मार्च. सातपूर-अंबडच्या कामगारांना शिफ्ट विचारूनच तारीख द्या. फोन पुष्कळदा नवरा किंवा मुलगा उचलतो. 'नैराश्याच्या अभ्यासातून बोलतेय' हे तिथे तोंडातून निघता कामा नये. दुसऱ्याने फोन घेतला तर काय सांगायचं, हे संमतीच्या वेळीच विचारून लिहून ठेवा.

आता एक्सेल. सहभागीचा कोड ३-१२ असा टाकला की एक्सेल गुपचूप त्याची तारीख करतो; रकाना आधीच टेक्स्ट करा. न मिळालेल्या उत्तराला ९९ टाकलं आणि बेरीज करताना ते वगळलं नाही, तर एखाद्याचा स्कोअर ११० येतो. तो निदान दिसतो तरी. रिकाम्या जागी ० टाकलेलं मात्र नुसतं बघून सापडत नाही. म्हणून दोघांनी वेगवेगळी नोंद करून मग जुळवायची, आणि नाव-कोडची यादी वेगळ्या, पासवर्डच्या फाइलमध्ये ठेवायची.

पुढच्या प्रवेशाच्या अर्जात नुसतं 'डेटा गोळा केला' लिहू नका. कुठल्या प्रश्नावल्या, किती मुलाखती, दुसऱ्या मुलाखतकाराशी तुमच्या गुणांची जुळणी किती, हे लिहा. त्यासाठी पहिल्या दिवसापासून वही ठेवा. रिसर्च पेपरवर नाव हवं असेल तर सुरुवातीलाच गाईडशी बोला, कारण नुसता डेटा गोळा करणाऱ्याचं नाव लेखकांत येत नाही, मसुद्यातही हात लागतो.