तुम्ही विचारलंत म्हणून : गुपचूप निघून जाऊ का?

डोंबिवलीत मी पाळणाघर चालवते, एकोणीस वर्षं झाली. नवं मूल आलं की पहिल्या आठवड्यात त्याची आई मला बाजूला घेते आणि हळूच विचारते, "मावशी, तो खेळात रमला की मी गुपचूप सटकू का? म्हणजे रडायचा नाही." बाबाही विचारतात, फक्त घड्याळाकडे बघत.

नको. सांगून जा. रडला तरी सांगून जा.

हे शहाणपण मला पहिल्या दिवसापासून नव्हतं. सुरुवातीला मीच मुलाला खिडकीशी न्यायची, "तो बघ काऊ" म्हणायची आणि मागच्या मागे आईला खूण करायची. दीड वर्षाची एक मुलगी होती. चार दिवसांत ती खिडकीजवळ यायलाच तयार होईना. घरी आई आंघोळीला गेली तरी बाहेर बसून दार बडवायची. तिचं काय चुकलं? पाठ वळवली की आई नाहीशी होते, हे आम्हीच तिला शिकवलं होतं. बिचाऱ्या कावळ्यावरचाही विश्वास उडाला तिचा.

दुसरा घोळ वयाचा. 2017 पासून नोकरदार बायकांना पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची रजा मिळते. त्यामुळे बरीच बाळं सहा-सात महिन्यांची असताना माझ्याकडे येतात आणि कुणाच्याही कडेवर हसत जातात. आई निर्धास्त होते. मग नवव्या महिन्यात तेच बाळ एक दिवस दारातच भोकाड पसरतं. इथे कुणी रागावलं का, मारलं का, अशी शंका आईच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसते. शंका जरूर घ्या, न कळवता मधेच येऊन बघा, मला राग नाही. पण बहुतेक वेळा घडलेलं एवढंच असतं की बाळ मोठं झालंय. आई दिसत नसली तरी ती कुठेतरी आहे, हे साधारण आठव्या महिन्याच्या सुमाराला त्याला उमगू लागतं. कुठे आहे आणि कधी येणार, ते मात्र कळत नाही. म्हणून तर याच वयात 'बुवा कुक' कितीही वेळा खेळलं तरी त्याचं पोट भरत नाही! रडण्याचा जोर दहा ते अठरा महिन्यांच्या काळात सगळ्यात जास्त असतो, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकांचा ओसरतो.

मग निघायचं कसं? रोज त्याच क्रमानं. चपला काढल्या, पिशवी खुंटीला, एक पापी, "तू दुपारी झोपून उठलास, खाऊ खाल्लास की आई येणार", टाटा. "साडेसहाला येते" असं दोन वर्षांच्या मुलाला सांगून काय उपयोग? त्याचं घड्याळ खाऊचं आणि झोपेचं. आणि टाटा एकदाच. रडणं ऐकून दारातून परत आलात की जास्त रडलं तर आई परत येते, हे त्याला पक्कं कळतं. मग माझी सकाळ गेलीच समजा. आईची वापरलेली सुती ओढणी पिशवीत असू द्या, आणि ती धुऊन पाठवू नका, वासासाठीच हवी असते.

माझी भाची जर्मनीत असते. तिथल्या बऱ्याच पाळणाघरांत पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर खोलीतच बसतात. चौथ्या दिवशी पहिल्यांदा बाहेर जातात, तेही फार तर अर्धा तास. ऐकून हेवा वाटला. इथे आईला गाडी पकडायची असते, आणि साहेब चौथ्या दिवसापर्यंत थांबत नाही. तरी रजा संपायच्या आठ दिवस आधी एकेक तास आणून बसा, एवढं मी आता हट्टानं सांगते.

सोमवारी आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळं पहिल्यापासून सुरू होतं, ते धरूनच चाला. संध्याकाळी तुम्हाला बघताच हसतं-खेळतं मूल ओक्साबोक्शी रडायला लागलं, तर त्याचे दिवसभर हाल झाले असं लगेच समजू नका. माझ्यासमोर आवरून धरलेलं ते तुमच्यापाशी मोकळं करतं. मात्र महिना झाला तरी दिवसभर रडतंय, जेवत नाही, झोपत नाही, असं असेल तर मीच तुम्हाला बसवून घेईन. मग डॉक्टरांना दाखवू, नाहीतर जागा बदलू.

बाकी, तुम्ही गेल्यावर तो किती वेळ रडला ते मी फोनवर खरं सांगते. पाच मिनिटं तर पाच मिनिटं, वीस तर वीस. जिन्यात उभं राहून कान लावायची गरज नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकू मला सगळं सांगतात.