‘दया कर’ आणि ‘विनंती कर’

मी नगरची. आमच्या प्रॉटेस्टंट घरात संतांच्या तसबिरी नव्हत्या. पप्पा डोळे मिटून थेट येशूशी बोलायचे. लग्न होऊन वसईला कॅथलिक घरात आले, तर इथे रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, संपली की सासूबाई एकेका संताचं नाव घ्यायच्या आणि सगळे म्हणायचे, ‘आमच्यासाठी विनंती कर.’ मी ओठ मिटून बसायची.

पप्पांना फोनवर सांगितलं. त्यांनी लगेच बायबलमधलं पहिलं तीमथ्य 2:5 काढलं: देव आणि माणसांमध्ये मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. ते वचन मला आजही तितकंच खरं वाटतं.

पण रोज ऐकून ऐकून शब्द कानात बसले. देवाला ‘आम्हांवर दया कर’ म्हणतात. मारियेला, पेत्राला, अंतोनीला तसं म्हणत नाहीत. त्यांना फक्त ‘विनंती कर’. हा फरक कळला त्या संध्याकाळी मीही पहिल्यांदा पुटपुटले. आमच्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया तर जपानात फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचा दुभाषा होता. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रुसावर मारलेल्या 26 जणांपैकी तो एक. एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचवायचं, हेच त्याचं काम. त्याचं नाव घेताना मला अडखळायला होत नाही.

मोतमाउलीच्या, म्हणजे मारियेच्या, जत्रेत मात्र होतं. बांद्र्याला लोक मेणाचं घर, मेणाचा पाय वाहतात आणि ‘माउली, घर दे’ म्हणतात. तिथे ‘विनंती कर’चं ‘दे’ झालेलं असतं. माझ्या मते पप्पांचा आक्षेप इथे बरोबर आहे, आणि आपल्या धर्मगुरूंनी हे वेदीवरून अधिक स्पष्ट सांगायला हवं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनं 1563 मध्ये संतांना विनवणं चांगलं आणि उपयोगी म्हटलं, पण ज्यांना जमत नाही त्यांच्या विश्वासात काही उणं आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

पप्पांचा दुसरा मुद्दा जास्त जड होता. ‘बायबलातल्या अनुवाद पुस्तकाचा 18वा अध्याय वाच. मेलेल्यांना विचारायचं नाही.’ मी बरेच दिवस त्यावर विचार केला. तिथे मनाई आहे ती मृतांकडून गुपितं काढून घ्यायला. आणि मार्क 12 मध्ये अब्राहाम, इसहाक, याकोब यांची नावं घेऊन येशू स्वतःच म्हणतो की देव मृतांचा नव्हे, जिवंतांचा आहे. म्हणजे ते देवापाशी जिवंतच.

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. माझ्या प्रत्येक परीक्षेला, दोन्ही बाळंतपणांना त्या म्हणायच्या, ‘मी मागते हां तुझ्यासाठी.’ तेव्हा पप्पांनाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता त्या ख्रिस्ताच्या जास्त जवळ असतील, तर माझ्यासाठी मागायचं त्यांनी थांबवलं असेल, हे मला पटतच नाही.

सोमवारी पप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. मी येशूकडे मागितलंय. सासूबाईंनाही सांगितलंय.