देवबागच्या खळ्यात जुनी जेट स्की: पैसा कुठे घालावा आणि कुठे वाचवावा

तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात जलक्रीडांचा व्यवसाय वाढला, तशी घरांच्या मागीलदारी माडाच्या झावळ्यांखाली पडून राहिलेल्या जुन्या जेट स्कींची (पाण्यावरच्या स्कूटरांची) संख्याही वाढली. व्यावसायिकाला ऐन हंगामात बंद पडलेले यंत्र परवडत नाही. त्यामुळे एका मर्यादेनंतर ते बाजूला पडते आणि त्यातले चालू भाग हळूहळू दुसऱ्या यंत्रांकडे जातात. ज्याला मात्र यंत्र केवळ स्वतःसाठी, कर्लीच्या खाडीत अधूनमधून फिरण्यापुरते हवे आहे आणि ज्याच्या हाताशी पावसाळ्याचे रिकामे महिने आहेत, त्याच्या दृष्टीने हेच टाकाऊ यंत्र विचार करण्याजोगे ठरते. मी घेतलेली यामाहाची जुनी वेव्हरनर अशाच एका मागीलदारातून आली. तिचे इंजिन ७०१ सीसीचे, दोन सिलिंडरांचे, टू-स्ट्रोक आणि कार्बोरेटरचे आहे. त्यात संगणक नाही, इंधनाचे इंजेक्शन नाही. पाने, मल्टिमीटर आणि थोडा धीर असलेल्या माणसाला ते पूर्ण समजू शकते. नव्या, सुपरचार्जर असलेल्या फोर-स्ट्रोक यंत्राच्या वाटेला घरगुती दुरुस्ती करणाऱ्याने जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्च कमी ठेवायचा असेल, तर हवा, पाणी आणि पेट्रोल जिथून गळू शकते अशा प्रत्येक सांध्यावर आधी पैसा घालावा आणि डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी शेवटी ठेवाव्यात. बहुतेक लोक नेमके उलट करतात. रंग, स्टिकर आणि नवे सीटकव्हर यांवर निम्मी रक्कम जाते आणि मग इंजिनाच्या सीलसाठी हात आखडता घ्यावा लागतो.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी तपासल्याशिवाय किमतीची बोलणी सुरू करू नयेत. पहिली म्हणजे कागदपत्रे. मूळ खरेदीचे किंवा आयातीचे कागद, इंजिन क्रमांक आणि बॉडीच्या मागच्या बाजूला कोरलेला हल (म्हणजे बॉडीचा) क्रमांक एकमेकांशी जुळले पाहिजेत. अमेरिकी बाजारासाठी बनलेल्या यंत्रांवर हा क्रमांक १२ अक्षर-अंकांचा असतो आणि त्याचे शेवटचे दोन अंक मॉडेलचे वर्ष सांगतात, त्यामुळे विकणाऱ्याने सांगितलेले वय तिथल्या तिथे पडताळता येते. दुसरी गोष्ट म्हणजे इंजिन हाताने फिरते की नाही. जॅम इंजिनाच्या स्पार्क प्लगच्या भोकांतून डिझेल सोडून ते काही दिवस भिजत ठेवले की अनेकदा सुटते. पण सुटलेले इंजिन म्हणजे चांगले इंजिन नव्हे. खारे पाणी आत राहिलेल्या इंजिनात क्रँकच्या (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर गंजाचे ठिपके पडलेले असतात आणि ते बाहेरून दिसत नाहीत. म्हणून जॅम यंत्राची किंमत देताना इंजिन शून्य धरावे आणि केवळ बॉडी, जेट पंप (पाणी मागे फेकून यंत्र पुढे ढकलणारा भाग) व इलेक्ट्रिक बॉक्स यांचाच भाव करावा.

कोकणात या कामाचे वेळापत्रक हवामान ठरवते. बॉडीचे तडे रेझिनने (लावल्यावर घट्ट होणाऱ्या द्रवाने) बुजवण्याचे काम मृग लागण्यापूर्वी, म्हणजे मे महिन्यातच उरकले पाहिजे; पावसाळी दमट हवेत इपॉक्सी जातीच्या रेझिनवर चिकट थर येतो आणि त्यावरचा पुढचा थर नीट धरत नाही. इंजिन मात्र पडवीत बसून आषाढ-श्रावणात निवांत उघडता येते. नाहीतरी जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत समुद्र कोणाचाच नसतो. मासेमारीलाही १ जून ते ३१ जुलै बंदी असते, त्यामुळे मालवणातले फायबरचे कारागीर आणि आउटबोर्ड इंजिनांचे मेकॅनिक याच काळात होड्यांच्या दुरुस्तीत गढलेले असतात. त्यांच्याकडून सल्ला हवा असेल, तर मे महिन्याच्या आधी जावे किंवा त्यांच्या शेडमध्ये बसून वाट पाहण्याची तयारी ठेवावी.

याच कारागिरांकडून रेझिनच्या कामाची पद्धत शिकता येते, फक्त एक फरक लक्षात ठेवावा लागतो. मासेमारीच्या फायबर होड्या पॉलिएस्टर रेझिन आणि चॉप्ड मॅट (काचेच्या कापलेल्या तंतूंची चटई) वापरून बनतात, म्हणून दुरुस्तीही त्याच साहित्याने होते. जुन्या जेट स्कींपैकी अनेकांची बॉडी मात्र साच्यात उष्णतेने आणि दाबाने घडवलेल्या एसएमसी नावाच्या मिश्रणाची असते. त्यावर पॉलिएस्टर रेझिन वरवर चिकटते आणि लाटांच्या आपट्यांनी काही काळाने सुटून येते. अशा बॉडीला इपॉक्सीच लावावे लागते, जरी ते पॉलिएस्टरच्या तिपटीहून महाग पडले तरी. इपॉक्सीबरोबर चॉप्ड मॅट वापरू नये, कारण त्या मॅटचे तंतू एकत्र धरणारा पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसल्यामुळे मॅट कडक राहते आणि नीट भिजत नाही. तिथे विणलेले काचकापड वापरावे. तडा केवळ वरून भरून काढणे व्यर्थ असते. तडा संपेपर्यंत दोन्ही बाजूंनी घासत जाऊन जाडीच्या सुमारे १२ पट रुंद उतार करावा, ॲसिटोनने पुसावे आणि लहान तुकड्यापासून मोठ्या तुकड्याकडे असे थर चढवावेत. घासताना चांगला मास्क लावावा, कारण काचेची धूळ फुप्फुसात गेलेली परवडत नाही.

तळाच्या आत भरलेला फोम हा वेगळा विषय आहे. वर्षानुवर्षे पाणी प्यायलेला फोम यंत्राचे वजन कितीतरी वाढवतो आणि मग इंजिन निर्दोष असूनही यंत्र पाण्यावर उचलत नाही. कंपनीने दिलेले कोरडे वजन माहितीपत्रकात मिळते. भंगारवाल्याच्या काट्यावर यंत्र तोलून दोन्ही आकडे ताडून पाहिले की फोम काढायचा की नाही हे कळते. यासाठी भंगारवाल्याकडे जाणे कोणाला कमीपणाचे वाटत असेल, तर त्याने हा छंद न धरलेला बरा.

आता इंजिन. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरातला दाब मोजणारे मापक) लावून, थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) पूर्ण उघडा ठेवून आणि प्लगच्या वायरी अर्थ करून स्टार्टर फिरवला की दोन्ही सिलिंडरांचे आकडे मिळतात. दोहोंत १० टक्क्यांहून अधिक फरक असेल किंवा आकडा १०० पीएसआयच्या (दाबाच्या एककाच्या) खाली असेल, तर सिलिंडर उघडावेच लागते. या इंजिनाच्या सिलिंडरचा आतला व्यास (बोर) ८१ मिलिमीटर, पिस्टनची धाव (स्ट्रोक) ६८ मिलिमीटर आणि सिलिंडरचे आतले अस्तर (लायनर) ओतीव लोखंडाचे आहे, त्यामुळे सिलिंडर आतून कापून (बोअर करून) मोठ्या मापाचा पिस्टन बसवता येतो. हे काम कोल्हापूरला उत्तम होते. फोंडा घाट चढून जाण्याचा खर्च नव्या सिलिंडरच्या मानाने नगण्य आहे. मात्र तिथल्या कारागिराला हे टू-स्ट्रोक सिलिंडर असल्याचे आणि बोअरनंतर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या) कडांची धार मोडायची असल्याचे आवर्जून सांगावे. धार तशीच राहिली तर पिस्टनची रिंग त्या कडेत अडकून तुटते. ट्रॅक्टर आणि ट्रकची इंजिने रोज करणाऱ्या माणसाच्या हे सहज लक्षात येईलच असे नाही.

परंतु नवा पिस्टन बसला म्हणजे इंजिन झाले, ही समजूत महागात पडते. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल, ऑइल आणि हवा यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक ज्या बंद पेटीत फिरतो तिच्यात, येते. क्रँकच्या टोकाचे ऑइल सील झिजले की तिथून फुकटची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते आणि पेट्रोलबरोबर वंगणही कमी पडते. मग पिस्टनचा माथा वितळतो. दुरुस्त करून पुन्हा जळालेल्या कितीतरी इंजिनांच्या मागे हेच कारण असते: वरचा भाग नवा बसवला जातो आणि खालचा सील जुनाच राहतो.

हे तपासण्याची रीत जवळजवळ फुकट आहे. कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट काढून दोन्ही तोंडे जुन्या ट्यूबचे रबर व ॲल्युमिनियमची पट्टी बोल्टने आवळून बंद करावीत, प्लग जागेवर ठेवावेत आणि क्रँककेसच्या ज्या नळीतून इंधन पंपाला स्पंदने मिळतात तिला रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा फुगा व डायल जोडावी. डायलवर २५० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ५ पीएसआयपर्यंत हवा भरली की डायलच सगळे सांगते. मिनिटभरात काटा ५० मिलिमीटरहून अधिक घसरला तर कुठेतरी गळती आहे, आणि साबणाचे पाणी ब्रशने लावले की बुडबुडे नेमकी जागा दाखवतात. या इंजिनात टोकाचे सील बदलण्यासाठी केस उघडावी लागते. ते जिकिरीचे काम आहे, पण याच पावसाळ्यात करावे. सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मिलिमीटरमध्ये छापलेली असते, म्हणून सामान्य जागच्या सीलसाठी मोठ्या शहरातल्या बेअरिंगच्या दुकानात चांगला पर्याय मिळतो. क्रँकच्या सीलसाठी मात्र मूळ भागच घ्यावा. केस पुन्हा जोडताना पेट्रोल सहन करणारे सीलंट वापरावे. हार्डवेअरच्या दुकानातले साधे सिलिकॉन पेट्रोलने फुगून सुटते.

इंधनाच्या बाबतीत काळ बदलला आहे. पेट्रोल पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि ही यंत्रे त्यासाठी बनलेली नाहीत. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, आणि किनाऱ्यावर ओलाव्याला तोटा नाही. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर होतो, पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. अशा वेळी इंजिन तळातले ओढते ते वंगणाशिवाय. म्हणून पेट्रोल लागेल तेवढेच आणावे, फेरी संपल्यावर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत आणि सगळ्या जुन्या नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्यांनी बदलाव्यात. टाकीचा जुना कॉकही हवा ओढतो, तोही बदलावा. मिकुनी कंपनीच्या कार्बोरेटरचे पडदे, नीडल आणि सीट यांचा संच मूळ कंपनीचाच घ्यावा. स्वस्त संचातल्या पडद्याचा कडकपणा वेगळा असतो आणि त्याने इंधनाचे सगळे मोजमाप बिघडते. ऑइल पंपावर विश्वास नसेल तर तो काढून त्याची जागा पट्टीने बंद करावी आणि ५० भागांना एक भाग, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर ऑइल, हाताने मिसळावे. हे ऑइल टीसी-डब्ल्यू३ प्रतीचे, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचे असावे.

जेट पंपात पैसा वाचवायला जागा आहे. वाळूने बोथट झालेल्या इम्पेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या पंख्याच्या) कडा बारीक कानशीने जुळवता येतात. इम्पेलर आणि भोवतालची वेअर रिंग यांमधली फट फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. ती मिलिमीटरच्या जवळ गेली असेल, तर इंजिन ओरडते आणि यंत्र जागचे हलत नाही, तेव्हा रिंग बदलण्याला पर्याय नाही. पंप आणि तळ यांच्यामधल्या फटीतून हवा शिरली तरी लक्षणे हीच असतात आणि तिथे मात्र सीलंटची एक ट्यूब पुरते, म्हणून आधी ती फट पाहावी. ॲल्युमिनियममध्ये बसणारा प्रत्येक स्टीलचा बोल्ट ३१६ प्रतीचा आणि मरीन ग्रीस लावूनच बसवावा, नाहीतर पुढच्या वर्षी तो तुटूनच बाहेर येतो.

वायरिंगमध्ये कलई केलेली तांब्याची वायर आणि आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी वापरली की बहुतेक काम झाले. सीट रिक्षाच्या सीट शिवणाऱ्याकडून करून घ्यावी, फक्त स्टेपल स्टेनलेसचे आहेत याची खात्री करावी. रंगाबद्दल मला फारसे काही म्हणायचे नाही. इपॉक्सीवर दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग चांगला धरतो. मनगटाला बांधायची दोरी ओढल्यावर इंजिन त्या क्षणी बंद होते की नाही, हे मात्र रंगाआधी तपासावे.

जमिनीवर इंजिन चालवताना क्रम चुकवू नये: आधी इंजिन सुरू करावे, मग नळीचे पाणी सोडावे, बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलट केले तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरपर्यंत जाऊ शकते. पाण्याशिवाय इंजिन १५ सेकंदांपलीकडे चालू ठेवू नये. सुरू करण्यापूर्वी सीट काढून काही मिनिटे उघडी ठेवावी, कारण तळाशी साठलेली पेट्रोलची वाफ ठिणगीची वाटच पाहत असते. देवबागसारख्या खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या जमिनीवर आणखी एक काळजी घ्यावी लागते: मे महिन्यात काही विहिरींचे पाणी मचूळ होते. अशा पाण्याने इंजिन धुणे म्हणजे मिठाने मीठ धुणे, म्हणून आधी पाणी चाखून पाहावे.

पाण्यात उतरवण्यापूर्वी मेरीटाइम बोर्डाच्या स्थानिक बंदर कार्यालयात जाऊन नोंदणी आणि कुठे फिरण्यास मुभा आहे याची विचारणा करावी. मच्छीमारांच्या जाळ्यांच्या जागाही आधी माहीत करून घ्याव्यात. नव्या पिस्टनवर पहिली टाकी अर्ध्या थ्रॉटलच्या आत, वेग सतत बदलत संपवावी आणि किमान तीन फूट पाणी असल्याशिवाय इंजिन सुरू करू नये, नाहीतर तारकर्लीची वाळू थेट पंपात जाते. घरी आल्यावर प्लग काढून पाहावेत. फिकट तपकिरी रंग असेल तर मिश्रण ठीक आहे. पांढरे पडले असतील तर यंत्र पुन्हा पाण्यात न नेता गळतीची चाचणी परत घ्यावी. पूर्ण थ्रॉटलवर हे इंजिन ताशी २५ ते ३० लिटर पेट्रोल पिते, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.