नवी १२५ सीसी मोटरसायकल मोकळी (रन-इन) करताना: दादर ते कर्जत आणि परत

नवी गाडी पळवू नका, हे सगळेच सांगतात. मुंबईत पळवायला जागा आहे कुठे? इथे नव्या इंजिनाचे हाल होतात ते रांगण्याने: सायनला पहिल्या गिअरात हाफ क्लचवर, सिग्नलला दोन-दोन मिनिटं जागच्या जागी धडधडत. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंगच्या (कारखान्यात मुद्दाम घासून पाडलेल्या) बारीक तिरप्या रेघा असतात आणि पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासूनच बसतात. रिंग भिंतीला दाबली जाते ती जळलेल्या वायूच्या दाबाने, आणि इंजिनावर थोडा भार पडल्याशिवाय तो दाब पुरेसा होत नाही. नुसत्या आयडलिंगवर रेघा गुळगुळीत होतात, रिंगा अर्धवट बसतात आणि पुढे गाडी ऑइल प्यायला लागते. म्हणून पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये एक तरी फेरी शहराबाहेर हवी. दादर-कर्जत जाऊन-येऊन साधारण १३० किलोमीटर होतात. रस्त्यात सपाटी आहे, पूल आहेत, वळणं आहेत. अवघड घाट मात्र नाही.

फेरी रविवारची, निघायची वेळ पहाटे साडेपाच, ओडोमीटर ९२. शोरूममधून थेट हायवे धरू नये. पहिले ८०-१०० किलोमीटर नव्या टायरचा गुळगुळीतपणा जायला आणि ब्रेक बसायला लागतात, ते शहरातच काढलेले बरे. आदल्या संध्याकाळी तीन गोष्टी तपासायच्या. ऑइल: गाडी मेन स्टँडवर, इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटांनी, बहुतेक गाड्यांत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पाहतात. क्लच लिव्हरला टोकाशी १०-१५ मिमी मोकळीक. नवी केबल लवकर सैल पडते. हवा: स्टिकरवर लिहिलेली, टायर थंड असताना. पंपावरचा मुलगा सवयीने ४० मारून देतो, त्याला आकडा स्वतः सांगा.

सकाळी इंजिन अर्धा-एक मिनिट चालू ठेवलं की पुरे, मग हळू निघायचं. दहा मिनिटं उभ्या गाडीला रेस देत बसणं हे जुनं खूळ आहे. पेट्रोलमध्ये चमचाभर टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल टाकणं हे दुसरं. फोर-स्ट्रोकमध्ये त्याने फक्त प्लग काळा होतो.

सायन ते मानखुर्द पहाटे वीसेक मिनिटांत निघतं. वाशीच्या पुलावर खाडीचा वारा समोरून येतो, गाडी ओढत नाही असं वाटतं आणि मूठ आपोआप पूर्ण पिळली जाते. तिथे वेग कमी होऊ द्या. अर्ध्या मुठीच्या पुढे जायचं नाही. पुढे नेरुळ, बेलापूर, खारघर हा पट्टा रुंद आणि सरळ, आणि म्हणूनच फसवा: एकाच वेगात वीस किलोमीटर जाणं नव्या इंजिनाला मानवत नाही. टॉप गिअरमध्ये ४० वरून ५५ पर्यंत सावकाश चढवायचं, मूठ सोडून पुन्हा ४० वर येऊ द्यायचं, ब्रेक न लावता. दर दोन-तीन मिनिटांनी हेच. मॅन्युअलमध्ये गिअरनिहाय वेग दिला असेल तर तोच धरा. मागून ट्रक येत असेल तर हा खेळ डाव्या लेनमध्येच.

कळंबोलीला सावध राहा. सरळ गेलात तर एक्सप्रेसवे लागतो, आणि तिथे दुचाकीला बंदी आहे. (परतताना शॉर्टकट म्हणून अटल सेतू किंवा ईस्टर्न फ्रीवेही मनात आणू नका, तिथेही तेच.) पनवेलकडे वळून जुना पुणे हायवे धरायचा. पळस्पे फाट्याला गोव्याचा रस्ता फुटतो, तो सोडून खोपोलीच्या दिशेने चौकपर्यंत. पनवेलनंतर एकदा थांबून दहा मिनिटं इंजिन थंड होऊ द्यावं. बंद केल्यावर सायलेन्सरमधून टक-टक आवाज येतो, तो धातू आकसण्याचा आहे. कोटिंग जळाल्याचा वासही पहिल्या फेरीत येतोच.

चौकहून डावीकडे कर्जत. फेरीचा सगळ्यात कामाचा तुकडा हाच. चढ-उतार आणि वळणांमुळे गिअर सतत बदलावे लागतात, म्हणजे भार आपोआप बदलत राहतो. इथे होणारी चूक एकच: ‘नवी गाडी आहे, जपू या’ म्हणून चढावर टॉपमध्ये २५ च्या वेगाने रेटणं. हँडलला थरथर जाणवली, इंजिन घुसमटलं की लगेच खालचा गिअर टाका. कमी आरपीएमवर जास्त भार हा बेअरिंगना तिसऱ्या गिअरातल्या ४० पेक्षा जास्त वाईट. डबल सीट या फेरीत नकोच.

कर्जतला वडापाव-चहा उरकून साडेआठच्या आत परत फिरा. दहानंतर मानखुर्दला अडकलात तर कमावलेलं घालवाल; एअर-कूल्ड इंजिनाला वारा लागत नाही. अडकलातच तर इंजिन बंद करा.

घरी पोचेपर्यंत ओडोमीटर २२० च्या पुढे जातो. चेन गरम आहे तोवर तिला ल्यूब मारा आणि ढिल पाहा: साधारण २०-३० मिमी. नवी चेन पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये हमखास सैल पडते.

पहिली सर्व्हिस ५०० ते ७५० किलोमीटरच्या दरम्यान, पुस्तिकेत असेल त्या आकड्याला. ऑइल, टॅपेट (व्हॉल्व्हची फट), चेन हे समोर उभं राहून करून घ्या. ऑइल बहुतेक १२५ ला १०डब्ल्यू-३०, डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) हवं. कारच्या ऑइलने क्लच सरकतो. ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घालायला सांगा, आणि बोल्ट लांब पान्याने करकचून आवळू देऊ नका. अॅल्युमिनियमचे आटे गेले की खर्च मोठा. निघालेलं ऑइल डब्यात उजेडात धरा. चंदेरी चकाकी दिसणारच, ती घासलेल्या धातूची धूळ आहे. बोटाला टोचेल असा कण लागला, तर गाडी तिथेच ठेवून जॉब कार्डवर लिहून घ्या.